मांजराला सांगितलेलं

“पेन कुठंय, दाखवा बघू,” मी म्हटलं.

अक्काताईंनी टेबलावरच्या पेनाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. खिडकीबाहेर दोन रिक्षावाले एका पॅसेंजरवरून हमरीतुमरीवर आले होते. तिकडे त्यांचं लक्ष गेलं ते गेलंच.

“चमचा?”

लक्ष रिक्षावाल्यांकडे.

“बरं, किल्ली दाखवा. किल्ली.”

या वेळी त्यांनी एक सुस्कारा सोडला. कंगवा आणि वाटीपर्यंत तर आम्ही पोचलोच नाही. डोळे मिटा म्हटलं तर डोळे टक्क उघडे, हात वर करा म्हटलं तर हात मांडीवर. शेवटी मी शून्य लिहिलं आणि पेनाचं टोपण लावलं.

मिरजेच्या एका खासगी हॉस्पिटलात लागून मला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मेंदूला झटका येऊन ज्यांची भाषा जाते, त्यांची ती किती उरलीय हे बघायचं आणि उरलेलीवर मेहनत घ्यायची, हे माझं काम. वॉर्डातले लोक मला ‘बोलायला शिकवणाऱ्या मॅडम’ म्हणायचे. अक्काताई मगदूम जयसिंगपूरच्या, पंचाहत्तरीच्या घरातल्या. उजवं अंग लुळं पडलेलं आणि तोंडातून निघायचं ते फक्त ‘हं’. माझ्या तपासणीप्रमाणे त्यांना एका शब्दाचाही अर्थ लागत नव्हता.

“त्यांना सगळं कळतंय,” कोपऱ्यातून आवाज आला.

कोपऱ्यात त्यांची थोरली सून बसली होती, त्रिशलाबाई. हायस्कुलात गणित शिकवायच्या आणि बोलणंही तसंच, पायरी न गाळता. रजा काढून सासूजवळ राहिल्या होत्या. मांडीवर वर्तमानपत्र पसरून मेथी निवडत होत्या.

“कशावरून म्हणता?” मी विचारलं.

“कशावरून ते नाही सांगता येणार. पायऱ्या दाखवता येत नाहीत, पण उत्तर बरोबर आहे.”

“बाई, तुमच्या वर्गातल्या पोरानं असं म्हटलं तर मार्क द्याल?”

“अजिबात नाही देणार,” त्या म्हणाल्या आणि मेथीची काडी मोडली.

मार्कांचा प्रश्न मात्र खरा होता. अक्काताईंचा धाकटा मुलगा भरतेश पुण्याला असायचा. त्यानं तिथल्या एका शुश्रूषागृहात आईसाठी खाट ठरवून ठेवली होती. माणूस वाईट नव्हता. फोनवर मला स्वच्छ म्हणाला होता, “मॅडम, आईला कळत असेल तर तिला विचारल्याशिवाय मी तिला कुठंही हलवणार नाही. पण कळतच नसेल तर विचारायचं कुणाला? मग मी शनिवारी गाडी घेऊन येतो.” डॉक्टरांनी त्याला सांगून टाकलं होतं की कळतं की नाही हे मॅडम ठरवतील. म्हणजे अक्काताईंचं घर सुटायचं की नाही, ते माझ्या त्या शून्यावर येऊन ठेपलं होतं.

मी सामान आवरत होते तेवढ्यात चहाची वेळ झाली. त्रिशलाबाईंनी थर्मासमधून कपात ओतला आणि थर्मासचं झाकण फिरवता फिरवता झाकणालाच म्हणाल्या, “आज साखर घातलीच नाही. डॉक्टरांचा हुकूम आहे. आता कुणी नाक मुरडलं तर मुरडू दे.”

अक्काताईंनी डाव्या हातानं कप सरळ टेबलाच्या पार कडेला सरकवला आणि तोंड फिरवून बसल्या.

मी उभी होते ती खाली बसले.

“बाई, हेच परत म्हणा. पण या वेळी त्यांच्याकडे बघून, त्यांनाच म्हणा. आत्ती, चहात साखर नाही, असं.”

त्रिशलाबाईंचे हात थांबले. त्यांनी मेथीची जुडी बाजूला ठेवली, पुन्हा उचलली.

“ते नाही जमायचं.”

“का?”

“आमचं बोलणं नाही.”

मला आधी कळेचना. एका घरात राहता, त्यांचं सगळं तुम्ही करता, अंग पुसता, वेणी घालता, आणि बोलणं नाही म्हणजे काय? मग त्यांनी सांगितलं. त्यांचे यजमान, म्हणजे अक्काताईंचे थोरले चिरंजीव, अपघातात गेले. महिनाही झाला नव्हता तेव्हा त्रिशलाबाई परत शाळेत रुजू झाल्या. अक्काताई म्हणाल्या, घरातला माणूस जाऊन अजून डोळे वाळले नाहीत आणि हिला शाळा सुचतीय. त्रिशलाबाई म्हणाल्या, घर चालायला पाहिजे की. झालं. त्या दिवशी जो अबोला धरला तो धरलाच. पुढे कितीतरी वर्षं गेली, दोघीच त्या घरात राहिल्या, पण एकमेकींना उद्देशून शब्द नाही.

“मग घर कसं चालायचं?”

“चालायचं की छान. घरात मनी आहे, मांजर. मी तिच्याशी बोलते. मने, आज येताना उशीर होणार आहे गं, गोळी घ्यायला कुणी विसरू नये. आणि परड्यात यांची म्हैस आहे, चंद्री. या तिच्याशी बोलतात. चंद्रे, मास्तरीणबाईंचा पगार झालेला दिसतोय, पेंड संपलीय ते दिसत नाही वाटतं कुणाला.” सांगता सांगता त्यांनी सासूचा आवाज असा काही काढला की पलंगावरून एक जळजळीत नजर आली. “बघितलं? कळतंय.”

मला हसू आवरेना. आणि त्याच वेळी डोक्यात दुसरीच चक्रं फिरायला लागली.

मुंबईला शिकत असताना आम्हाला देवस्थळी मॅडम होत्या. त्यांनी एक अख्खं सत्र संबद्धतेच्या सिद्धान्तावर खर्च केलं होतं आणि आम्ही परीक्षेपुरतं पाठ करून सोडून दिलं होतं. त्या म्हणायच्या, माणसाचं बोलणं म्हणजे कुलूपबंद पेटी नव्हे, की शब्दांची किल्ली लावली आणि अर्थ बाहेर काढला. शब्द नुसतं बोट दाखवतात, चालत जायचं असतं ऐकणाऱ्यानं. कुणी मुद्दाम आपलं लक्ष वेधून काही म्हटलं की आपण धरून चालतो, यात आपल्या कामाचं काहीतरी असणार, उगीच नाही म्हणणार हा. मग आपल्याला जे जे माहीत आहे त्यातलं हाताशी येईल ते जोडून बघत जातो, आणि ‘हां, हे म्हणायचंय होय याला’ असं झालं की तिथं थांबतो.

आता बोला. माझ्या नाकासमोर पेन पडलेलं असताना मी एका म्हातारीला पेन कुठंय म्हणून विचारत होते. यात तिच्या कामाचं काय होतं? आधीच झटक्यानं शब्द अर्धेअधिक पुसलेले. उरलेल्या अर्ध्यावरून वाट काढायची तर पलीकडे काहीतरी मिळेल असं वाटायला नको? माझ्या पेनापलीकडे काहीच नव्हतं. त्रिशलाबाईंच्या टोमण्यापलीकडे अख्खं घर होतं.

पण हा झाला माझा तर्क. डॉक्टरांना सांगायला गेले तर त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. “मॅडम, पेशंटला टोमणे समजतात असं लिहू का मी? सूर ओळखते ती. कुत्र्यालाही आपला सूर कळतो.”

बोलणं चुकीचं नव्हतं. सुरावरून कळतं की शब्दांवरून, हे वेगळं काढायलाच हवं होतं.

दुसऱ्या दिवशी मी त्रिशलाबाईंना म्हटलं, “आज टोमणा मारायचा नाही. सूर एकदम सपाट ठेवायचा, हजेरी घेतल्यासारखा. त्यांच्याकडे बघायचंही नाही. मी सांगते ती दोन वाक्यं मला सांगायची.”

“आणि मग?”

“मग काय होतंय ते बघायचं. मलाही माहीत नाही.”

हे शेवटचं त्यांना आवडलेलं दिसलं. मेथी संपली होती, आज तांदूळ होते. ताटातले खडे वेचता वेचता त्या खिडकीकडे तोंड करून म्हणाल्या, “दुपारी खालच्या मजल्यावर रंगकाम करणारे येणार आहेत म्हणे.”

अक्काताई ढिम्म.

थोडा वेळ जाऊ दिला. मी नाडी बघत असल्याचं नाटक करत अक्काताईंच्या हाताशी बसले होते. मग त्याच सुरात, त्याच खिडकीला त्रिशलाबाई म्हणाल्या, “दुपारी शेजारच्या अंजनाकाकू येणार आहेत म्हणे.”

अक्काताईंनी माझ्या हातातून आपला हात सोडवून घेतला. डाव्या हातानं चाचपडत पदर ओढला, डोक्यावरून घेतला, त्याच्या टोकानं तोंडाचा ओघळ पुसला. आणि मग तोच पदर लुळ्या पडलेल्या उजव्या हातावर नीट पसरला, बोटंसुद्धा दिसणार नाहीत असा. हे सगळं झाल्यावर दाराकडे बघत ताठ बसून राहिल्या.

पदर घ्या असं कुणी म्हटलं नव्हतं, हात झाका असं तर कुणीच म्हटलं नव्हतं. अंजनाकाकू येणार, म्हणजे बघणार, म्हणजे उद्या गल्लीभर सांगणार, आणि ते मला चालणार नाही, एवढा सगळा हिशेब त्या बाईंनी पाच-सहा शब्दांवरून केला होता. त्यांना ‘हं’पलीकडे बोलता येत नव्हतं आणि पेन दाखवता येत नव्हतं.

“आल्या पायऱ्या,” मी त्रिशलाबाईंना म्हटलं.

त्यांनी तांदळाचं ताट खाली ठेवलं. उठून बाहेर व्हरांड्यात गेल्या. मी मागोमाग गेले तर कठड्याला टेकून उभ्या होत्या, डोळे लाल.

“मॅडम, कळतंय हे मला आधीच माहीत होतं,” त्या म्हणाल्या. “मला दुसरंच माहीत नाही. त्यांना यायचंय का माझ्याकडे?”

“म्हणजे?”

“इतकी वर्षं तोंड उघडून एक शब्द बोलल्या नाहीत माझ्याशी. पुण्याला पोटचा पोरगा आहे. कदाचित सुटल्यासारखं वाटेल त्यांना. मी भरतेशभाऊजींना काय सांगू, आत्ती मला पाहिजेत म्हणून? ते म्हणतील, वहिनी, तुमचं तर बोलणंसुद्धा नाही. गाव म्हणेल, घरावर डोळा आहे.”

“तुम्हाला हव्या आहेत का त्या?”

“मला नकोय त्यांना पाठवायला,” त्या म्हणाल्या. आवाज घट्ट केला होता तरी फुटला. “शाळेतनं घरी आले की मनीला दिवसभराचं सगळं सांगते मी. कुठल्या पोराला काय येत नाही, हेडमास्तर काय म्हणाले. आतनं भांडं आदळलं की समजायचं, पटलं नाही. काहीच आवाज आला नाही की समजायचं, ऐकून घेताहेत. मांजरापुढं बडबडायला मला काय वेड लागलंय? दुसरं कोण आहे मला, सांगितलेलं कळणारं?”

मी त्यांना म्हटलं, उद्या भरतेशसमोर विचारा, तुमच्या पद्धतीनं. त्या म्हणाल्या, काय विचारू तेच सुचत नाही.

शनिवारी भरतेश आला. उंच, हसऱ्या चेहऱ्याचा, आईसाठी नवी कोरी शाल घेऊन. त्यानं आईच्या पायावर डोकं ठेवलं आणि खुर्ची पुढे ओढून बसला. मी त्याला पदराचा प्रकार सांगितला. त्यानं मन लावून ऐकलं.

“मॅडम, मी स्वतः विचारून बघतो. ती हो म्हणाली तर हो, नाही म्हणाली तर नाही.” आणि लहान मुलाशी बोलावं तसं एकेक शब्द सुटा करून, मोठ्यानं म्हणाला, “आई. माझ्याबरोबर. पुण्याला. येणार?”

“हं,” अक्काताई म्हणाल्या आणि त्याच्या गालावरून हात फिरवला.

भरतेशचा चेहरा उजळला. पण मुलगा प्रामाणिक. त्यानं लगेच उलटं विचारलं, “आई, पुण्याला नको? घरीच राहणार?”

“हं.” पुन्हा गालावर हात.

“आई, मी कोण? मी बाबा आहे का?”

“हं.”

त्यानं आईचा हात आपल्या हातात घेतला. मग माझ्याकडे वळला. डोळ्यांत पाणी होतं. “बघितलंत ना? मी आलोय याचाच आनंद आहे तिला. मी काय विचारतोय ते पोचतच नाही.”

मी त्रिशलाबाईंकडे पाहिलं. खरं सांगायचं तर त्या क्षणी माझाही धीर सुटला होता. त्यांच्या हातात कसलंच काम नव्हतं त्या दिवशी. साडीच्या निऱ्या सारख्या करत त्या उभ्या होत्या, आणि बराच वेळ गेल्यावर मला म्हणाल्या, “मॅडम, मी एक ठरवलंय.” आवाज सपाट, हजेरीचा. नजर माझ्यावर. “चंद्रीला विकून टाकते. उदगावचा एकजण मागतोय, सोमवारी घेऊन जाईल. एकटीला कुठं होतंय धारा काढायला.”



“बरोबर आहे, वहिनी,” भरतेश समजूतदारपणे म्हणाला. “मी हेच म्हणणार होतो. आता कुणासाठी ठेवायची म्हैस? तुम्हीही मोकळ्या व्हाल. चला, म्हणजे तुमच्याही मनाची तयारी आहे तर.”

त्याला जे ऐकू आलं त्यात काहीच चूक नव्हती. वहिनींनी मन घट्ट केलंय, घराची आवराआवर सुरू केलीय, एवढंच त्यात होतं. मीही जवळजवळ तेच समजले होते, आणि मला त्रिशलाबाईंचा रागच आला होता.

तेवढ्यात पलंगाचा कठडा खणखणला.

अक्काताईंनी डाव्या हातातल्या बांगड्या कठड्यावर आपटल्या होत्या. एकदा, पुन्हा एकदा. तोंड वेडंवाकडं झालं होतं, गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या. भरतेश घाबरून उठला. “आई, काय होतंय? सिस्टरना बोलवा कुणीतरी.” त्यांनी त्याच्या शर्टाची बाही पकडली आणि त्याला खाली ओढला. हनुवटी सुनेच्या दिशेनं उडवली. आणि झटका आल्यापासून ज्या तोंडातून ‘हं’खेरीज काही निघालं नव्हतं, त्यातून ओढून काढल्यासारखे दोन शब्द आले.

“हि…ला… सांग.”

“काय सांगू?” भरतेश आणखी खाली वाकला. “आई, काय सांगू वहिनींना? सांग की.”

पुढचं येईना. ओठ हलत राहिले, घशात घरघर झाली, डोळे भरून आले. अर्थ मनात आहे आणि शब्द हाताला लागत नाही, हे बघणं फार कठीण असतं. मी पुढे झाले, पण त्रिशलाबाईंनी हात करून मला थांबवलं. त्या रडत होत्या आणि हसतही होत्या.

“मॅडम,” त्या मला म्हणाल्या, “त्यांना म्हणावं, म्हैस त्यांची आहे. विकू नको म्हणायचं असेल तर घरी येऊन भांडावं लागेल. इथनं सांगितलेलं मी ऐकणार नाही.”

माझ्या सांगण्यापर्यंत कोण थांबतंय. अक्काताईंनी मुलाची बाही सोडली. अंगावरची नवी शाल बाजूला सारली, चांगला पाय पलंगावरून खाली सोडला आणि तळव्यानं फरशीवर चपला शोधायला लागल्या.

भरतेश आधी आईकडे बघत राहिला, मग वहिनीकडे. काय झालं ते त्याला उमगायला जरा वेळ लागला. मग तो खाली वाकला, पलंगाखाली गेलेल्या आईच्या चपला ओढून काढल्या आणि तिच्या पायांपुढे सरळ करून ठेवल्या.